जालीमकाकांच्या दुकानातलं यंत्र

रकानेबाईंना हे नाव त्यांच्या थोरल्या भावाने दिलं, आणि तेही त्या जेमतेम पाटी धरायला शिकल्या होत्या तेव्हा. झालं असं, की त्यांनी घरातल्या सगळ्या चपला दारात ओळीने मांडल्या आणि पाटीवर रकाने आखून लिहून काढलं, की कोणती चप्पल कोणाची, तिचा अंगठा शाबूत आहे का, आणि ती आतापर्यंत कोणाच्या पाठीत बसली आहे. शेवटच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत भावाचंच नाव होतं. त्या दिवसापासून तो त्यांना 'रकाने' म्हणू लागला. पुढे लग्न झाल्यावर त्याला 'बाई' जोडलं गेलं आणि खरं नाव फक्त पगाराच्या कागदावर उरलं.

लग्नाला होकार देण्याआधी त्यांनी होणाऱ्या नवऱ्याचाही तक्ता केला होता. स्वभाव, घोरणं, भांडण झाल्यावर आधी कोण बोलतं, तिकिटाच्या रांगेत उभं राहायची तयारी, असे सगळे रकाने भरून झाले आणि माणूस पास झाला. मोज्यांचा रकाना मात्र त्यांना सुचला नव्हता. नवरा घरोघर फिरून विजेचे मीटर वाचायचा. दिवसभराची पायपीट करून तो घरी आला आणि त्याने दारात बूट काढले, की खिडकीत झोपलेलं मांजर उठून बाहेर उडी मारायचं. 'जो रकाना सुचत नाही, तोच घात करतो,' हा रकानेबाईंचा आयुष्यभराचा सिद्धांत त्या मोज्यांतून निघालेला आहे. बाकी नवरा खरोखर चांगला होता. रांगेत तर तो नुसता उभाच राहायचा नाही, तर पुढच्या-मागच्यांची विचारपूसही करायचा.

रकानेबाईंच्या वडिलांचं कीटकनाशकांचं दुकान होतं. अर्थात कीटकनाशक हा शब्द त्या दुकानात कोणी कधी उच्चारला नाही. आपल्या भाषेचं मनच मोठं आहे. माणसाला बरं करतं तेही औषध आणि ढेकणाला मारतं तेही औषध. गिऱ्हाईक यायचं आणि म्हणायचं, "काका, मुंग्यांचं औषध द्या." काका विचारायचे, "साधं की जालीम?" आजवर एकाही माईच्या लालाने 'साधं' म्हटलेलं नव्हतं. खरं सांगायचं तर साधं औषध दुकानात नव्हतंच. जालीमला उठाव यावा म्हणून काका तो शब्द नुसता उच्चारायचे. सगळे त्यांना जालीमकाका म्हणायचे आणि त्यांना त्याचा केवढा अभिमान.

दुकान म्हणजे एक लांबट, अरुंद खोली. दोन्ही बाजूंना लोखंडी फळ्या, त्यांवर डबे, बाटल्या, पुड्या. मधल्या टेबलावर थेंब पडून पडून लाकडाचा रंग उडाला होता. मागच्या कोपऱ्यात मोठाले कॅन होते. त्यांतून नरसाळ्याने लहान बाटल्यांत जालीम ओतून द्यायचं आणि शेजारच्या स्टुलावर बसून दुनियेला सल्ले द्यायचे, हा काकांचा दिनक्रम. चिठ्ठी निघून गेलेला डबा ते झाकण उघडून नाकाशी धरायचे आणि सांगायचे, "झुरळांचं." पूर्वी हे बरोबर असायचं. गेली काही वर्षं ते नुसतंच ठामपणे सांगितलेलं असायचं, कारण त्या डब्यांनी काकांचं नाक पार बंद पाडलं होतं. दूध उतू गेलं काय आणि अत्तराची बाटली फुटली काय, काकांना दोन्ही सारखंच.

याचा फायदा घरात एकट्या जावयाला झाला. सुट्टीच्या दिवशी सगळे काकांच्या घरी जेवायला जमले, की प्रत्येक जण काही ना काही निमित्त काढून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सरकायचा. कोणाला उजेड लागायचा, कोणाला पंखा. काका मात्र जावयाच्या शेजारची खुर्ची आनंदाने ओढायचे आणि वर सगळ्यांना ऐकवायचे, "माणूस सोन्यासारखा आहे, आणि तुम्ही त्याला वाळीत टाकता!"

मग खोकला सुरू झाला. काका औषधांच्या दुकानात गेले, म्हणजे माणसांच्या औषधांच्या, आणि विचारलं, "खोकल्याचं जालीम आहे का?" त्याने काही उतार पडेना. शेवटी रकानेबाईंनी त्यांना हाताला धरून छातीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या बाईंनी पाठीला नळी लावली, फोटो उजेडात धरून पाहिला आणि म्हणाल्या, "काका, तुमचं नाक गेलं ते उगाच नाही. आता छातीची पाळी आहे. तो उग्र माल दुकानातून काढा, नाहीतर तुम्ही दुकानातून निघा. नाक कदाचित परत येईल. छातीचं मला सांगता येत नाही."

घरी बैठक बसली. थोरला भाऊ, म्हणजे दादा, लोकांना गाडी चालवायला शिकवायचा. आयुष्य शिकाऊ माणसाच्या शेजारी काढल्यामुळे त्याला कोणाचंही बोलणं हाताबाहेर जाऊ लागलं की उजवा पाय जमिनीवर दाबायची सवय लागली होती. तो पाय दाबून म्हणाला, "बाबा, पुढच्या महिन्याच्या अखेरीला दुकानाची किल्ली माझ्याकडे द्यायची. विषय संपला."

"आणि मी काय करू?" काकांनी विचारलं.

"घरी बसायचं. आराम करायचा."

आईने हातातला चमचा खाली ठेवला. "हे दिवसभर घरी बसणार असतील, तर मला दुकानात पाठवा," ती म्हणाली.

सगळे हसले, काकाही हसले, आणि हसता हसता त्यांना अशी ढास लागली की भिंतीला हात टेकून उभं राहावं लागलं. रकानेबाई हसत नव्हत्या. त्या स्टुलावरून उठवलं तर हा माणूस पाण्याविना रोपटं वाळावं तसा वाळून जाईल, आणि त्या कॅनांशेजारी ठेवला तर खोकून खोकून संपेल, हे त्यांना लख्ख दिसत होतं. त्यांना वडीलही हवे होते आणि स्टुलावर बसलेलेच हवे होते.

"बाबा, जालीम ठेवूच नका ना," त्या म्हणाल्या. "कमी घातक माल ठेवा. दुकानही राहील आणि तुम्हीही."

"गिऱ्हाईक मागेल ते ठेवायचं, हा धंद्याचा धर्म आहे," काका म्हणाले. "उद्या गिऱ्हाईक साबणाचं पाणी मागायला लागलं, तर मी साबणाचं पाणी विकेन. मागतंय का कोणी? मागायला लाव, मी त्याच दिवशी कॅन परत पाठवतो."

एवढं ऐकणं रकानेबाईंना पुरे होतं.

कारण त्या ज्या कार्यालयात नोकरीला होत्या, त्याचं कामच मुळी लोकांना किडींबद्दल सल्ला देणं हे होतं, आणि नेमका त्याच आठवड्यात साहेबांनी एक फर्मान काढलं होतं. कमीत कमी घातक औषध कसं निवडावं, हे कोणालाही चुटकीसरशी सांगणारा डेटाबेस तयार करायचा. पडद्याला बोट लावलं की उत्तर हजर. "मात्र सोपा हवा," साहेब म्हणाले. "माझ्या सासूबाईंना जमला पाहिजे." साहेबांच्या सासूबाईंना कार्यालयात कोणी पाहिलेलं नव्हतं, पण त्यांचा धाक साहेबांपेक्षा जास्त होता. जे काही लिहावं ते सासूबाईंना कळणार नाही, म्हणून परत यायचं. रकानेबाईंनी हात वर केला आणि सांगितलं, की मी करते, आणि पहिलं यंत्र आमच्या बाबांच्या दुकानात ठेवू.

पुढचे काही आठवडे त्या माहिती गोळा करत होत्या. कोणतं औषध कोणत्या किडीवर चालतं, मधमाश्यांना काय होतं, माशांना काय होतं, कुत्र्या-मांजरांना काय होतं, फवारल्यावर खोलीत कधी जायचं, हात कशाने धुवायचे. रकाने वाढत गेले. नवरा शेजारी बसून चहा पुरवायचा, आणि रकानेबाई नाकाला रुमाल बांधून काम करायच्या. जगातलं सगळं विष एकदाचं शिस्तीत उभं राहिलं आणि एके सकाळी यंत्र जालीमकाकांच्या टेबलावर येऊन बसलं, सोबत कार्यालयाने पाठवलेले थोडे सापळे आणि थोडा सौम्य माल.

त्याचा पहिला प्रश्न होता : 'तुम्हाला कशाचा त्रास आहे?'

प्रश्न कसा गोड, आपुलकीचा. घोटाळा तिथेच झाला. पहिले आले एक निवृत्त पोस्टमास्तर. त्यांनी चष्मा वर केला, पडद्यावरची अक्षरं एकेक करून दाबली आणि लिहिलं, 'गुडघे'. यंत्र क्षणभर घुमलं आणि म्हणालं, ''गुडघे' ही कीड आढळली नाही. तुम्हाला 'भुंगे' म्हणायचं आहे का?' पोस्टमास्तर भिडस्त होते. यंत्राला नाही कसं म्हणायचं, म्हणून त्यांनी 'होय' दाबलं आणि भुंग्यांचा सापळा घेऊन गेले. पुढच्या आठवड्यात मुद्दाम येऊन सांगून गेले, की गुडघ्यांना फरक नाही, पण भुंगे मात्र गेले.

त्यांच्यामागून एक शिक्षिका आल्या. 'तुम्हाला कशाचा त्रास आहे?' हा प्रश्न त्यांना बहुधा बऱ्याच वर्षांत कोणी विचारला नव्हता. त्यांनी इकडेतिकडे पाहून लिहिलं, 'नवरा'.

''नवरा' ही कीड आढळली नाही,' यंत्र म्हणालं. 'ओळख पटवण्यासाठी काही प्रश्न. तिला पंख आहेत का?'

बाईंनी जरा विचार करून 'नाही' दाबलं.

'ती दिवसा पडून राहते आणि रात्री स्वयंपाकघरात फिरते का?'

'होय', बाईंनी ताबडतोब दाबलं.

'दिवा लावल्यावर पळून जाते का?'

'होय.'

'हे झुरळ आहे,' यंत्राने निकाल दिला. 'उरलेलं अन्न झाकून ठेवा. ओल राहू देऊ नका. औषधाची गरज नाही.'

बाई काहीही न घेता, पण कितीतरी वेळ यंत्राकडे कौतुकाने बघून गेल्या. दुसऱ्या दिवशी शाळेतल्या आणखी दोघींना घेऊन आल्या. जालीमकाका वैतागले. "दुकान आहे की सल्लाकेंद्र?" ते म्हणाले.

रकानेबाईंनी प्रश्न काढून टाकला आणि किडींची चित्रं टाकली. आता चित्राला बोट लावायचं, की औषधं समोर. हे जमलं. मग औषधांना रंग द्यायचे ठरलं, सर्वांत घातक ती लाल, मधली पिवळी, बिनधोक ती हिरवी. आणि प्रत्येक रंगाला एक शब्द. रकानेबाईंनी लालपुढे 'अति घातक' लिहिलं होतं. साहेबांनी कागद डोळ्यांपासून लांब धरला आणि मान हलवली. "सासूबाईंना बोजड होईल. एकच शब्द हवा. झटकन कळणारा. भीती वाटेल असा." ते छताकडे बघत राहिले. "जालीम!" ते म्हणाले. "जालीम म्हणजे क्रूर. निर्दय. काय शब्द आहे!"

टेबलाभोवती सगळ्यांनी वाहवा केली, आणि रकानेबाईंनीही केली! जालीमकाकांची सख्खी लेक, त्या शब्दावर वाढलेली, त्या शब्दाच्या कमाईवर शिकलेली, पण तिथे बसून मान डोलावून आली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा असा. दोष तरी काय द्यायचा? जो शब्द आपण रोज ऐकतो, तो आपल्याला ऐकूच येईनासा होतो.

दुसऱ्या दिवसापासून दुकानात जी झुंबड उडाली, ती विचारू नका. इतके दिवस लोक जालीम मागायचे ते अंदाजाने. आता यंत्रच त्यांना लाल अक्षरांत, पडद्याच्या अगदी वर, बोट दाखवून सांगू लागलं, की हे बघा, हे खरं जालीम.

"काका, ते लालवालं द्या."

"पिवळं चालेल का?" रकानेबाई घाईघाईने विचारायच्या.

"पिवळ्यापुढे 'मध्यम' लिहिलंय हो. आपल्याला मध्यम कशाला?"

"हिरवं बघता का? ते सौम्य आहे."

"सौम्य!" यावर खुद्द काकाच हसायचे. "फुळकवणी आहे ते. किडीला मारायचंय की आंघोळ घालायचीय?"

काकांना मोठा कॅन मागवावा लागला. दिवसभर ते नरसाळं घेऊन ओतत होते, ओतता ओतता खोकत होते, आणि मधल्या वेळात येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "माझ्या लेकीने केलंय हे यंत्र. विक्री दुप्पट!" त्यांच्या चेहऱ्यावरचा तो आनंद रकानेबाईंना बघवेना. ज्या माणसाला वाचवायला निघालो, त्यालाच आपण दुप्पट वेगाने विष पाजतोय, आणि तो वर कौतुक करतोय. त्या रात्री त्या जेवल्याच नाहीत. नवऱ्याने मोजे धुऊन टाकले, तेवढंच त्याला सुचलं. मोजे दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पूर्ववत झाले.

मग शब्द बदलण्याचा सपाटा सुरू झाला. 'जालीम' काढून 'विषारी' घातलं. लोक म्हणाले, "विषारीच हवंय, किडीला सरबत पाजायचंय का?" 'धोकादायक' घातलं. "धोका किडीला, आपल्याला काय?" शेवटी शब्दच काढून कवटीचं चित्र टाकलं, वाटलं, कवटीपुढे तरी माणूस थबकेल. एक माळी आला, त्याने पडदा वरपासून खालपर्यंत पाहिला आणि विचारलं, "दोन कवट्यांवालं नाही का?"

दादाने दिलेली मुदत संपत आली होती. दादा येऊन यंत्राकडे बघून गेला. "रकाने, तुझं यंत्र राहू दे आता," तो म्हणाला. रागाने नाही म्हणाला, आणि त्याचा पाय जमिनीवर दाबलेलाच होता. "सोमवारी मी किल्ली घेतो. मलाही आवडत नाहीये ते." 

शनिवारी त्या यंत्राची वायर काढायला दुकानात गेल्या. टेबलाखाली वाकून, दातांत स्क्रू धरून त्यांचं काम चाललं होतं, तेवढ्यात एक बाई आल्या. हातात टोपली, टोपलीत मांजर. नव्याने राहायला आल्या होत्या, त्यांना काकांची ख्याती ठाऊक नव्हती. स्वयंपाकघरात मुंग्या झाल्या आहेत, म्हणाल्या.

"साधं की जालीम?" काकांनी विचारलं.

बाईंनी फळ्यांकडे पाहिलं, यंत्राकडे पाहिलं, मग सरळ काकांकडे पाहिलं. "ते सगळं असू द्या हो. तुम्ही स्वतः घरी काय वापरता?"

"घरी?" काका म्हणाले. "घरी साबणाचं पाणी. आणि चिकट पट्ट्या. आमच्या हिने सांगून ठेवलंय, दुकानातला एक डबा उंबरा ओलांडून आत आला, तर मी बाहेर जाईन. मला स्वतःलासुद्धा मागच्या दारी कपडे बदलल्याशिवाय आत घेत नाही."

"मग मला तेच द्या."

"ते आम्ही ठेवत नाही."

"असं कसं?" बाई म्हणाल्या. "जे घरी वापरता, ते दुकानात नाही?" आणि मांजर घेऊन निघून गेल्या.

टेबलाखाली रकानेबाईंच्या दातांतला स्क्रू पडला. एवढे रकाने भरले. मासे आले, मधमाश्या आल्या, शेजारणीचं कुत्रं आलं, पण हा एक रकाना सुचला नाही! औषध किती घातक आहे ते कोणालाच ऐकायचं नाही. विकणारा स्वतः काय करतो, ते मात्र जो तो कान टवकारून ऐकेल. आंबेवाल्याला आपण 'गोड आहेत का' विचारतो आणि त्याच्या 'होय'वर विश्वास ठेवत नाही, पण तो स्वतः कोणत्या ढिगातून उचलून खातो, तिकडे आपलं बरोबर लक्ष असतं.

त्यांनी वायर परत लावली. दुकानाचं दार अर्धं ओढून घेतलं, काकांना स्टुलावर बसवलं आणि म्हणाल्या, "बाबा, मी एकेक नाव वाचते. घरी न्याल की नाही, एवढंच सांगायचं."

काकांना हा खेळ फार आवडला. "चिकट पट्ट्या?" "नेईन." "आमिषाच्या बंद डब्या?" "नेईन, फडताळामागे ठेवायला बऱ्या." "साबण?" "अगं, आहेच की." मग लाल नावं आली. "हे?" "छे!" "हे?" "काहीतरीच काय!" "आणि हे मागच्या कॅनमधलं?"

"वेडी आहेस का?" काका म्हणाले. "घरात माणसं राहतात."

"आणि दुकानात?"

"दुकानात कोण आहे? गिऱ्हाईक येतं आणि जातं. दुकानात तर मी एकटाच असतो."

बोलून गेले, आणि पुढचं नाव यायची वाट बघत बसले. पुढचं नाव आलं नाही. रकानेबाईंचं बोट पडद्यावर तसंच राहिलं होतं आणि डोळे भरून आले होते.

"तुम्ही माणूस नाही का, बाबा?"

काकांनी काहीतरी विनोद करायला तोंड उघडलं. विनोदाऐवजी खोकला आला, आणि तो बराच वेळ थांबला नाही. रकानेबाई पाठीवरून हात फिरवत राहिल्या. खोकला ओसरल्यावर काकांनी कॅनांकडे पाहिलं, नरसाळ्याकडे पाहिलं, रंग उडालेल्या टेबलावरून तळहात फिरवला. मग आपल्याच दुकानात पाहुणा असल्यासारख्या हळू आवाजात म्हणाले, "लिही. 'नेणार नाही' असं लिही. मोठ्या अक्षरांत."

सोमवारी दादा किल्ली घ्यायला आला, तेव्हा दुकानात गर्दी होती. यंत्रावरच्या सगळ्या रंगांची आणि कवट्यांची सुट्टी झाली होती. चित्राला बोट लावलं की एकच मोठं बटण यायचं : 'जालीमकाका घरी काय वापरतात?' ते न दाबता पुढे जाणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. दुसऱ्याच्या घरात डोकवायची संधी, तीही फुकट, आणि तीही उभ्या उभ्या! लोक एका किडीसाठी येत आणि काकांच्या घरात ढेकूण निघाले तर काय करतात, उंदीर निघाला तर काय करतात, हे सगळं दाबून बघत. मग लाल औषधावर बोट ठेवत आणि वाचत, 'घरी नेणार नाही', आणि मान वर करून काकांना विचारत, "खरंच नाही?"

"खरंच नाही," काका म्हणत. "घरात माणसं आहेत."

रकानेबाईंनी रविवारी आणून ठेवलेल्या चिकट पट्ट्या संध्याकाळपर्यंत संपल्या. दादा मागच्या कोपऱ्यात उभा राहून हे सगळं बघत होता. त्याने किल्ली मागितली नाही. जाताना फक्त म्हणाला, "कॅन उचलायला गाडी मी आणतो." त्याचा पाय जमिनीवरून सुटलेला रकानेबाईंनी त्या दिवशी प्रथमच पाहिला.

काका आठवडाभर कुरकुरत होते. साबण विकणं हा काय धंदा आहे, फुळकवणीवर कोणाचं पोट भरतं, आमची सारी इभ्रत त्या चिकट पट्ट्यांना चिकटली, वगैरे. पण दिलेला शब्द त्यांनी पाळला. हळूहळू त्यांना आपली जुनी लयही सापडली. आता कोणी औषध मागितलं की ते विचारतात, "साधं की घरचं?" साधं अजूनही कोणी मागत नाही.

साहेब पाहणीला येऊन गेले. खूश झाले, पण जरा पडेलही दिसले. सासूबाईंना डेटाबेस जमला होता. इतका, की त्यांनी बटण दाबायचेही कष्ट न घेता सरळ जावयालाच विचारलं, तुम्ही घरी काय वापरता. साहेबांना ठाऊक नव्हतं. ते आत जाऊन बायकोला विचारून आले, तेव्हा कळलं की घरी सापळे तीच लावते, आणि आता कार्यालयात उंदीर निघाला की स्वतः सापळा लावतात.

आणि मग एका सुट्टीच्या दिवशी सगळे जेवायला जमले. काकांचा खोकला बराच उतरला होता, बोलताना ते पुन्हा आवाज चढवू लागले होते. घरचे सगळे सवयीने टेबलाच्या दूरच्या टोकाला सरकले, कोणाला उजेड लागत होता, कोणाला पंखा. जावई सकाळचे मीटर उरकून आलेला. काकांनी सवयीप्रमाणे त्याच्या शेजारची खुर्ची ओढली, बसले, पहिला घास उचलला आणि थांबले.

त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. घास ताटात ठेवला. "कुठे उंदीर मेलाय का?" त्यांनी विचारलं.

 जावयाने पाय हळूच खुर्चीखाली ओढून घेतले. आईचा डाव भांड्यावर तसाच राहिला. काकांनी पुन्हा एक लांब श्वास घेतला, नाक टेबलाखाली नेलं, आणि एकदम वर आले. रकानेबाईंनी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं. त्या हसत होत्या की रडत होत्या, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. आयुष्यात इतका आनंद त्यांना कोणत्याच वासाने दिला नव्हता.

जालीमकाका उठले. आपलं ताट उचललं, टेबलाला वळसा घालून सगळ्यांच्या पलीकडे जाऊन बसले, आणि तिथून म्हणाले, "जावईबापू, माणूस तुम्ही सोन्यासारखे आहात. पण त्या मोज्यांवर काहीतरी जालीम बघा."